पाटी च्याची, गाडी रोडग्याची

...तं मी काय मंतो, म्या मांगतलं होतं का? नाई, तुमीच सांगा, तुमी चार शहाणे लोक अठी बसून राहिले, तुमीच सांगा, सकाळी उठून तोंड धुतलं नाई, च्याचा घोट नरड्याखाली उतरला नाई, आन कम्प्युटर उघडून पाहतो तं कोण्या परदेशातली राणी मंते, 'प्रिय मित्रा, माझे पती वारले, त्यांची सारी संपत्ती तुमच्या नावे करू इच्छिते.' आता बाई, तुमचे पती वारले, लय वाईट झालं, पण मी त्याईच्या तेरवीले बी नव्हतो, मंग मलेच काहून? तिच्या खाली एक डॉक्टर. तो मंते, टकलावर केसं उगवून देतो. त्याले कोणं सांगतलं मले टक्कल हाय मनून? हाय, ते गोठ अलग, पण त्याले काहून मालूम? त्याच्या खाली 'अभिनंदन, तुमची निवड झाली आहे.' कायच्यात निवड? मी जलमात एकडाव सोसायटीच्या इलेक्शनले उभा राह्यलो आन तठीच पडलो, माह्या बायकोनं बी मत देलं का नाई याचा मले आजवर संशय हाय, आन आता घरबसल्या निवड! म्या मांगतलं होतं का?

तुमाले सांगतो, मी वामनराव. जुन्या शहरात राहतो. अकोल्याच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर होतो, मोर्णा नदी ओलांडून रोज ड्युटीवर जाये. तुमी स्टँडवर उभे असान तं माह्या आवाज आयकला असन... 'अकोल्याहून अकोट, अंजनगाव मार्गे अचलपूरला जाणारी गाडी फलाटावर लागली आहे, प्रवाशांनी कृपया...' तो मीच. आन माह्या सारा जलम एका गोष्टीवर गेला. पाटी. गाडीच्या कपाळावर जे पाटी लावली, तठीच गाडी गेली पाह्यजे. समजा, बार्शीटाकळीची पाटी पाहून एखादी बाई चढली, लेकीकडं चालली, मांडीवर कुरड्या-पापडाचा डबा, आन गाडीनं तिले नेऊन टाकलं अकोटले, तं ते बाई पह्यले कोणाले शिव्या देईन? मले देईन. आन बरोबर देईन. मनून माह्या ड्युटीत पाटी पाह्यल्याबिगर गाडी हलली नाई. आन हे मेलवाले? कपाळावर 'अभिनंदन', आन आत शिरलं का मंग 'आपला बँक खाते क्रमांक पाठवा.' याले काय मंतेत? याले पाटी बदलणं मंतेत, साध्या भाषेत.

आता हे मेल माह्या घरात आलं कसं, तं रिटायर झालो तवा माह्या पोरीनं, रागिणीनं, ते अमरावतीले नोकरीवर हाय, तिनं मले उघडून देलं. मंते, 'बाबा, पेन्शनचं सारं काम आता याच्यावरच येते.' म्या मनलं, दे. पुढं तिनं दाखवलं का एक बटन दाबलं तं शंभर लोकाईले एकाच टायमाले निरोप जाते. बापा, माह्ये तं डोळेच फाटले. मी जलमभर भोंग्यावर वरडलो आन तरी अर्ध्या पब्लिकले आयकू येत नव्हतं, आन हे घरी बसून, गुपचूप, एक बटन. आन रिटायर झाल्याचे मले रोडगे करायचेच होते.

पुण्याकडचं कोणी बसलं असन तं त्याच्यासाठी सांगतो, रोडगे मंजे कणकेचे गोळे, गोवऱ्याच्या इस्तवात भाजाचे, राख झटकाची, फोडाचे, वरून तुपाची धार, बाजूले वांग्याची भाजी अशी का नाकाले पाणी सुटलं पाह्यजे. त्याचं आवतण द्याले खरं मंजे घरोघरी जाव लागते. उंबऱ्यावर उभं राहून मनाव लागते, 'चूलबंद हाय बरं', मंजे त्या दिवशी तुमच्या घरची चूल पेटली नाई पाह्यजे, लेकरंबाकरं, पाव्हणेरावळे सारे आमच्याकडं. पण माह्ये गुडघे! आन जवळ बटन! तं म्या सारे नातेवाईक, सारे स्टँडवाले, सारे गल्लीवाले, सारे एका दोरीत ओवले आन वर लिहिलं, 'चहाला या.' खाली तारीख, टाईम. दाबलं बटन.

हासू नोका. 'चहाला या' हे आपलं बोलणं हाय. वऱ्हाडात कोणी तोंड वर करून 'जेवाले या, लय केलं हाय' मंते काय? 'या ना, च्या घ्याले' मंतो, आन माणूस उंबऱ्याच्या आत आला का त्याले हात धरून ताटावर बसवतो, तो 'नाई नाई' मंते, आपण 'घ्या घ्या' मंतो, तो उठाले पाह्यते, आपण त्याच्या ताटात अजून एक फोडतो. हे कोणाले मालूम नाई? साऱ्या अकोल्याले मालूम होतं. सारे आले, पोटं रिकामी ठेवूनच आले. एक नाई आली.

ते मंजे लीलाबाई, माह्यी मोठी बहीण, अचलपूरले देली. एकच बहीण हाय मले. माय वावरात जाये तवा हिनंच मले कडेवर वागवलं, हिच्याच पदराले मी नाक पुसलं. तिच्या घरी मेल पाह्यते तिची नात, आकांक्षा, कॉलेजात हाय, तिनं वाचून दाखवलं आसन. आन रोडग्याची गोठ तिच्या कानावर गेली, दुसऱ्याच दिवशी फोन आला, 'काहून रे वामन्या, गावाले रोडगे आन सख्ख्या बहिणीले कपभर च्या? मी अचलपूरहून एसटीत हाडं खिळखिळी करत तुह्या च्या प्याले येऊ? चूलबंद मनाले तुह्यी जीभ झडली होती काय?' म्या मनलं, 'बाई, च्या मंजे रोडगेच ना, तुले समजत नाई काय?' तं मंते, 'मंग रोडगे मंजे काय, च्या? जे हाय ते लिहाचं होतं.' आन ठेवला फोन. तवापासून बंद. ना तिचा फोन, ना माह्या. मी काहून करू? मी काय चुकलो? नाई चुकलो. शंभर लोकाईले समजते ते हिलेच समजत नाई तं त्यात माह्या काय गुन्हा?

पण तुमाले खरं सांगू? घर चूप झालं हो. आधी दर आठवड्याले तिचा फोन ये, 'भाजी काय केली, चंदानं गुडघ्याले तेल लावून देलं का', चंदा मंजे माह्यी बायको. आता जिनं मले वाढवलं थे बोलून नाई राह्यली, आन ज्याईले मी वळखत नाई ते पह्याटेपासून 'प्रिय वामनराव, प्रिय वामनराव' करून राहिले. म्या मांगतलं होतं का?

आन मंग माह्या हातून जे झालं ते बी रीत मनूनच झालं. आपल्याकडं कसं हाय, कोणी नाव घेऊन हाक मारली तं ओ द्याव लागते. नाई देली तं माणूस शिष्ट. तं मी साऱ्याईले उत्तर दे. रोज. त्या राणीले लिहिलं, 'ताई, दुःखद वार्ता समजली. ईश्वरेच्छा. संपत्ती नको. घरात एखादं मोठं माणूस असन तं त्याले इचारून सांभाळून ठेवा.' त्या डॉक्टरले लिहिलं, 'डॉक्टरसाहेब, टक्कल वडिलोपार्जित हाय, असू द्या.' निवडवाल्याले लिहिलं, 'आभारी आहे. प्रकृतीच्या कारणास्तव पद स्वीकारता येत नाही, तरुणास संधी द्यावी.' सभ्य माणूस अजून काय लिहीन? तं बापा, दुसऱ्या दिवशी राणीच्या तीन बहिणी विधवा. डॉक्टरच्या मांगं दवाखानाच आला, दाताचा, मणक्याचा, आन अजून कायचा कायचा, बाया बसल्या हायेत मनून सांगत नाई. चंदा मांगून चष्मा लावून वाचे आन मंते, 'अवो, तुमी रातीले काय काय इचारता याईले?' घ्या! तेहतीस कोटी देवाची शपथ, म्या काईच इचारलं नव्हतं.

म्या मनलं, बस. गेलो पोलिसात. तठी सायबरच्या खोलीत दीक्षा मॅडम मनून साहेब होत्या, पोरगीच, माह्या रागिणीएवढी, पण खुर्चीवर बसली मंजे साहेबच. म्या साऱ्या मेलची छपाई टेबलावर आपटली. त्याईनं शांतपणानं पाह्यलं, च्या मांगवला, मनल्या, 'काका, पैसे गेले का?' म्या मनलं, 'नाई.' 'ओटीपी दिला?' 'नाई.' 'कुठं लिंक दाबली?' 'नाई हो, मी सांत्वन केलं.' आता त्याईनं पेन खाली ठेवला. 'कोणाचं?'

सांगतलं. हासल्या नाईत, हे मानलं पाह्यजे, ओठ दाबले फक्त. मनल्या, 'काका, तुम्ही उत्तर दिलं म्हणजे त्यांना कळलं, या घरात माणूस आहे आणि तो ओ देतो.' मंजे पाहा! माणूस असणं हा गुन्हा! म्या मनलं, 'मॅडम, याच्यावर कायदा नाई काय?' तं त्याईनं नीट समजावून सांगतलं. तिकडं अमेरिकेत एक कायदा हाय मंते, धंद्याच्या मेलसाठी. विषयाच्या ओळीत खोटं लिहाचं नाई. पाठवणाराचा खरा पत्ता खाली पाह्यजे. आन 'नको' मनाची सोय पाह्यजे, नको मनलं का कामाच्या दहा दिवसाच्या आत बंद. म्या टेबलावर हातच मारला, मॅडमचा च्या सांडला. अहो, हा तं एसटीचा कायदा हाय! समोर खरी पाटी, बाजूले डेपोचं नाव, आन आत घंटी, दोरी वढली का गाडी थांबली पाह्यजे! हे तं आमी जलमभर केलं, आन अमेरिकेनं त्याचा कायदा केला! म्या मनलं, 'आन आपल्याकडं?'

मॅडम मनल्या, 'जाहिरातीच्या फोनसाठी, मेसेजसाठी नियम आहेत. मेलवरून फसवलं तर कलमं आहेत. पण नुसता नकोसा मेल पाठवला, फसवलं नाही, तर त्याच्यासाठी खास असा वेगळा कायदा नाही काका.' मंजे मले आधी फसाव लागते! फसून येऊ मंग कलम भेटन! 'मॅडम,' म्या मनलं, 'घरात कुत्रं शिरलं तं चावल्यावरच हाकलाचं काय?' त्या मनल्या, 'काका, तुम्ही कधी एकदम सगळ्यांना मेल पाठवलाय का?' आता मी खोटं बोलत नाई. रोडग्याचं सांगतलं, च्याचं सांगतलं, लीलाबाईचं बी निघून गेलं तोंडातून. तं मॅडम मंतेत, 'म्हणजे न मागता, शंभर जणांना, विषयात चहा आणि ताटात रोडगे. आणि नको म्हणायची सोय?' म्या मनलं, 'आवतणाले नको कोण मंते?' 'मग,' त्या मनल्या, 'धंद्याचा मेल नव्हता म्हणून वाचलात काका. तुमचीच पाटी चुकली होती.'

माह्यी पाटी! वामनरावची! मी उठलोच. जाता जाता मनलं, 'तुमचा कायदा नाई ना? मंग मी करतो. माह्या घरात माह्या कायदा.'

आन केला. रागिणीले फोनवर बसवलं, तिनं तिकडून सांगाचं, म्या अठून दाबाचं. मेलात एक चाळणी असते. आपण सांगाचं का अमुक शब्द दिसला तं आत घ्याचं नाई, सिद्धा कचऱ्यात. म्या लिहाले बसलो. 'अभिनंदन', कचरा. 'तातडीचे', कचरा. 'त्वरित उत्तर द्या', कचरा. 'शेवटची संधी', पह्यले कचरा, काहून का जो खरा माणूस असते तो असा गळ्यावर सुरी ठेवून बोलत नाई. रागिणी मंते, 'बाबा, एखादं कामाचं जाईन त्यात.' म्या मनलं, 'जाऊ दे. ज्याले खरं काम हाय तो पाटी नीट लावीन.' आन तुमाले सांगतो, काय शांतता! सकाळी उघडलं तं मेल रिकामं, शेणानं सारवल्यावानी. राणी नाई, डॉक्टर नाई. मी चंदाले मनलं, 'पाह्य, दिल्लीले जमलं नाई ते जुन्या शहरात जमलं.'

इकडं दिवाळी आली. फराळ झाला, लायटिंग झाली. मी फोन जवळ घेऊन बसे, असाच, कामासाठी. चंदा मंते, 'करा ना बाईले फोन. भाऊबीज आली.' म्या मनलं, 'तिनं ठेवला, तिनं उचलावं.' 'अवो, मोठी हाय थे.' 'मोठी हाय तं मोठ्यानं बोलावं.' चंदा शंकरपाळे डब्यात भरत राह्यली. मले बी गोड लागत नव्हतं, पण ते तिले काहून सांगू?

भाऊबीजेच्या सकाळी रागिणी, थे दिवाळीले आली होती, सहज कम्प्युटरवर बसली. मंते, 'बाबा, कचरा कधी पाह्यला?' म्या मनलं, 'कचरा कोणी पाह्यते काय?' तं तिनं खुर्ची बाजूले सारली. मंग मंते, 'अठी या.' गेलो. पाह्यलं. आकांक्षाच्या नावानं तीन मेल. एकावर 'तातडीचे'. एकावर 'त्वरित उत्तर द्या'. आन एकावर... आता मी काय सांगू तुमाले... 'शेवटची संधी'. पोट्टीनं आजीचा शब्द न् शब्द लिहिला होता, 'वामन्या, तुवं आवतण मेलवर आलं होतं, मनून मी बी मेलवरच सांगतो. भाऊबीजेले रोडगे टाकले हाय. चूलबंद हाय, चंदाले, रागिणीले घेऊन ये. च्या नाई, रोडगे, नीट वाच. हे शेवटची संधी हाय. नाई आला तं मी समजीन मले भाऊच नाई.'

मी उभाच राह्यलो. चप्पल घातली का नाई ते बी आठवत नाई. तिघं निघालो, फलाटावर ही गर्दी, साऱ्या महाराष्ट्रातले भाऊ बहिणीकडं चाललेले, सीट कोठी भेटते? ज्या स्टँडवर मी हुकूम सोडे तठी मी खिडकीतून रुमाल टाकून राह्यलो. तो बी दुसऱ्यानं उचलला. अकोट आलं, अंजनगाव आलं, मी उभा, गुडघे बोलून राह्यले, पण मी मनात एकच मनून राह्यलो, समोरची पाटी अचलपूरचीच हाय ना, हाय, पाह्यली हाय म्या.

बाई दारातच होती. पाट मांडला, ओवाळलं, कपाळाले हात लावला तिनं माह्या, आन मले वाटलं आता झालं सारं नीट. डोळ्यात पाणी आलं, काहून नाई येणार? तं आत गेली आन कपबशी आणून ठेवली समोर. च्या. रागिणीले बी च्या, चंदाले बी च्या. मांगच्या अंगणातून गोवऱ्याचा वास येऊन राह्यला, वांग्याचा वास येऊन राह्यला, सकाळपासून पोटात दाणा नाई, आन ही मंते, 'घे.' म्या मनलं, 'बाई, मेलात तं रोडगे लिहिले होते?' तं पदर खोचून मंते, 'हाव का? मले वाटलं आपल्या घरी च्या मंजेच रोडगे, आन रोडगे मंजेच च्या. सारं सारखंच ना?' तो च्या म्या पेलो. गार झाला होता, तरी पेलो. आन मंग तिनं ताटं वाढली. एक फोडला, तूप सोडलं, दुसरा फोडला, म्या मनलं 'बस', तिसरा फोडला, म्या ताटावर हात आडवा धरला तं हाताच्या वरून भाजी वाढली. म्या मांगतलं होतं का? पण तवा म्या ते मनलं नाई. खाल्लं.

हात धुतल्यावर म्या इचारलं, 'बाई, पण हे शेवटची संधी, शेवटची संधी काहून लिहिलं? साधं 'ये' लिहिलं असतं तं त्याच दिवशी भेटलं असतं.' तं मंते, 'साधं लिहिल्यावर तू आला असता काय?' आता बोला. त्या साऱ्या मेलवाल्याईचा धंदा ज्या तत्त्वावर चालते, ते अचलपूरच्या माह्या बहिणीले आधीच मालूम होतं.

आन गोठ एवढ्यावर सरली असती तं मी तुमाले तकलीफ कायले देली असती? तिले आता मेलाची गोडी लागली ना! रोज एक. कधी आकांक्षाच्या नावानं, कधी शेजारच्या शेखरच्या, कधी अजून कोणाच्या, जो हाताशी सापडला त्याले बसवते, 'लिही रे, माह्या भावाले.' नाव रोज अलग, मनून चाळणीत 'या माणसाले येऊ द्या' असं नाव लिहाची युक्ती रागिणीनं सांगतली, ते बी चालत नाई. आन वरची पाटी एकच, सिद्धी कचऱ्यात जाणारी. गुडघ्याले तेल लाव... 'शेवटची संधी'. चंदाले सांग लोणच्याले फडकं बांधाले... 'शेवटची संधी'. काल लिहिलं का अचलपुरात ऊन लय हाय. 'तातडीचे'! म्या फोनवर लय समजावलं, अमेरिकेचा कायदा सांगतला, पाटी, डेपो, घंटी, सारं. तं मंते, 'घंटी? मी काय तुह्यी एसटी हाय, दोरी वढली का उभी राहू?' आन फोन ठेवला, पण आता ठेवला तं मेल येते, ते एक बरं हाय.

मंग काय करता? चाळणी काढून टाकली. माह्या हातानं माह्या कायदा रद्द केला. दार उघडं. तं आज सकाळी पाह्यतो, बहिणीच्या मेलच्या वर डॉक्टर, खाली निवड, आन त्याच्या खाली थे राणी परत आली हो, 'प्रिय मित्रा, माझे पती वारले...' अजून वारूनच राहिले ते. नाव घेऊन हाक मारली, ओ तं द्याव लागते. म्या लिहिलं, 'चहाला या.' आन अमेरिकेचा कायदा मंते मनून खाली माह्या खरा पत्ता लिहिला.